पडवीतलं शहाळं

शहाळ्यावर कोयता बसला की मला रत्नागिरीची ती पडवी आठवते. तीस सालच्या आसपासची गोष्ट. वडील मला समुद्र दाखवायला आगबोटीने घेऊन गेले होते. परगावच्या माणसाला सगळे लुबाडतात, या खात्रीने ते किनाऱ्याला लागेपर्यंत ट्रंकेवरच बसून होते. सर्वांत स्वस्त म्हणून त्यांनी बंदराजवळच्या एका मुसलमान खलाशाची पडवी दोन दिवसांसाठी घेतली. आम्ही टेकतो न टेकतो तोच त्याच्या बायकोने गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तिकडे आल्यागेल्याला आधी गूळपाणीच देतात. वडील माझ्या कानाशी पुटपुटले, "हात लावू नकोस. नंतर ह्याचेही पैसे लावतील." बोटीतल्या उलट्यांनी माझा घसा सोलला होता. तांब्या तसाच राहिलेला पाहून त्या बाईचा चेहरा उतरला. तिने नवऱ्याला माडावर चढवलं, शहाळं सोलून घेतलं आणि म्हणाली, "ह्यातलं पाणी झाडानं भरलंय, दादा. आमचा हात नाय लागला. पोरीला तरी पाजा." वडिलांनी मान खाली घातली, पण खरं काय ते सांगितलं नाही. चिक्कू ठरण्यापेक्षा सोवळे ठरणं त्यांना बरं वाटलं असावं. मी ते पाणी घटाघटा प्यायले. खरं मलाही माहीत होतं, आणि तोंड मी फक्त पाण्यासाठी उघडलं.