ओळखीच्यांशी सामना

दुसऱ्या कॉलेजच्या जिममध्ये पाऊल टाकलं की रुखसाना आपा आधी कुणाशी हात मिळवायच्या नाहीत. थेट बास्केटबॉलच्या रिंगखाली जाऊन उभ्या राहायच्या. रिंग सरळ आहे ना, हे मान वर करून बघायच्या. मग चेंडू मागवून घ्यायच्या, दोन्ही तळव्यांत दाबायच्या, जमिनीवर आपटून उसळी बघायच्या. यजमानांनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या तर "शुक्रन, शुक्रन" असे अरबीत आभार मानत हसून घ्यायच्या आणि बाकाखाली सरकवून द्यायच्या. आमचं पाणी आमच्या बसमधून यायचं. "पाण्यात काय असणार आपा?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नसणार गो. पण बर्फासारखं गार असेल. खेळायच्या आधी गार पाणी ढोसलं की पोटात गोळा येतो. पाहुणचारातसुद्धा डाव असतो, बाय."

मी मूळची सांगलीची. रियाधच्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. शहरातल्या अल सुलै भागातल्या गोदामांच्या पलीकडे मुलींचं एक कॉलेज आहे. त्यांच्या बास्केटबॉल संघाचे मुरगळलेले घोटे आणि दुखरे गुडघे सांभाळायला हॉस्पिटलनं मला पाठवलं, तेव्हा आपांची गाठ पडली. आपा श्रीवर्धनकडच्या. लग्नाआधी मुंबईत कॉलेजच्या संघातून खेळलेल्या. नवरा निसारभाई इथं नोकरीला, म्हणून सौदीत आल्या आणि कित्येक वर्षं इंडियन स्कूलमध्ये पोरांना कवायत शिकवत राहिल्या. इथल्या कॉलेजांत मुलींचे संघ उभे राहू लागले आणि बायका कोच हव्या झाल्या, तेव्हा आपांच्या केसांत पांढरं डोकावत होतं. त्या वयात त्यांनी पुन्हा शिट्टी गळ्यात घातली. मी सांगलीची आहे कळल्यावर त्यांचा चेहरा आधी उजळला आणि लगेच सावध झाला. "म्हणजे तुला मराठी येतं," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं. आणि वाईटही."

त्या वाईटाचा अर्थ मला पुढे समजला. आपांनी सगळे डाव मराठीत बांधले होते. कुणी कुठून धावायचं, चेंडू कुणाकडे टाकायचा, याचे इशारे त्या बाकावरून ओरडून द्यायच्या: "सोलकढी!", "नारळ!", "उंबरठा!" सौदी मुलींच्या तोंडी "सोलकढी"चं "सुलकडी" व्हायचं आणि "उंबरठा" तर कुणालाच धड जमायचा नाही, पण डाव कळायचा. इंग्रजीत ओरडलं तर समोरचे समजतात, अरबीत तर समजतातच, हिंदी अर्ध्या रियाधला येतं. राहिली मराठी. "या सगळ्या जिममध्ये मराठी समजणाऱ्या आपण दोघीच," असं म्हणून त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायच्या.

खरी अडचण अशी होती की आम्ही बाहेर जिंकायचो आणि घरच्या गटात हरायचो. दम्मामचा संघ आला, त्यांना आम्ही हरवलं. जेद्दाच्या मुली उंचीनं आमच्यापेक्षा वरचढ, त्यांनाही हरवलं. पण रियाधमधल्या कॉलेजांचा जो गट होता, ज्यात सगळ्यांनी एकमेकींशी दोनदा खेळायचं आणि ज्याच्या निकालालाच किंमत होती, त्यात आम्हाला काही केल्या एकही सामना जिंकता येत नव्हता. कॉलेजच्या डीनबाईंना हे उमगेना. "जेद्दाला हरवता आणि शेजारच्यांशी हरता?" त्यांनी आपांना बोलावून विचारलं. आपा म्हणाल्या, "परक्याशी खेळणं सोपं असतं मॅडम. गटातला सामना म्हणजे जावाजावांचं भांडण. तिला ठाऊक असतं, चावी कुठं ठेवता आणि रडू कशानं येतं." डीनबाई हसल्या, पण एवढंही म्हणाल्या की गटात एकही विजय नसेल, तर पुढच्या वर्षी संघ ठेवायचा का, याचा विचार करावा लागेल.

त्या दिवसापासून आपांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: आपले डाव कुणीतरी फोडतंय. त्यांना तसं वाटायला कारणही होतं. "नारळ" म्हणताच समोरच्या मुली आमच्या आधी त्या कोपऱ्यात हजर असायच्या. हैफा नावाची आमची एक लाजाळू मुलगी लांबून सुरेख नेम धरायची, पण चेंडू तिच्याकडे जायची वाटच बंद झालेली असायची.

संशयात पहिला नंबर माझा लागला. एकदा मी संघातल्या रीमाच्या घोट्याला पट्टी बांधत होते, तेव्हा आपा शेजारी येऊन बसल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गटातल्या दुसऱ्या कॉलेजांच्या पोरीसुद्धा तुमच्या हॉस्पिटलात येतात, नाही?"

"येतात की. गुडघे त्यांनाही आहेत."

"मग गप्पा होत असतील."

माझा हात थांबला. "आपा, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"मी कुठं काय म्हणतेय? नुसतं विचारलं," असं म्हणून त्या उठल्या. पुढच्या सरावाला इशाऱ्यांचे सगळे शब्द बदललेले होते, आणि ते मुलींना शिकवले तेव्हा मला बर्फ आणायला पाठवलं होतं. मी घरी येऊन नवऱ्यासमोर पुष्कळ फणफणले. पण विचित्र गोष्ट अशी की त्यानंतर मीही लोकांकडे तसंच बघायला लागले. बसचा ड्रायव्हर सरावाच्या वेळी दारात का उभा राहतो? जिम झाडणारी बाई फोनवर कुणाशी बोलते? आपांचा संशय सर्दीसारखा होता. जवळ बसणाऱ्याला लागायचाच.

शब्द बदलूनही पुढचा सामना आम्ही हरलो. मग आपांची नजर रीमावर स्थिरावली. रीमा आमची कॅप्टन. चेंडू पुढे आणून कुणाकडे द्यायचा हे ठरवणारी तीच. तिची मावसबहीण गटातल्या सगळ्यात तगड्या कॉलेजकडून खेळायची आणि दर आठवड्याला आजीच्या घरी सगळा गोतावळा जमायचा. आपांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी काही आरोप केला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त त्या मावसबहिणीच्या कॉलेजविरुद्धच्या दुसऱ्या सामन्याच्या आधी सांगितलं, "आज कॅप्टन दुसरी. रीमा, तू बाकावर."

रीमानं कारण विचारलं नाही. तिला ते कळलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम लहान झाला. त्या पोरीला खेळायची परवानगी मिळवायला घरी किती झगडावं लागलं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. अंगभर काळी अबाया काढून तिनं नीट घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि पूर्ण सामना बसून काढला. आम्ही सपाटून हरलो.

सामना संपल्यावर समोरची कोच आमच्याकडे आली. सल्मा मॅडम त्यांचं नाव. इजिप्तच्या, ठेंगण्या, मोठ्यानं हसणाऱ्या. हातात चहाचे कप होते. आपांनी कप घेतला नाही. त्यांनी सरळ इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला आमचे डाव कोण सांगतं?"

सल्मा मॅडम आधी हसल्या. मग आपा खरंच विचारताहेत हे बघून त्यांचं हसू मावळलं. त्या म्हणाल्या, "कोण सांगणार? वर्षभर एकमेकींना बघतो आपण, कोण कुठं धावतं ते पाठ होतं. तुमचे शब्द मला आजही कळत नाहीत. मी तुमच्याकडे बघते."

"माझ्याकडे?"

"ज्या मुलीची तुम्हाला खात्री नसते, तिच्यावरून तुमची नजर हलत नाही. ती मुलगी मग बावरते, चेंडू हातातून सोडते. आम्ही बाकीच्या वाटा अडवतो आणि चेंडू तिच्याकडेच जाऊ देतो. मागच्या वेळी ती तुमची कॅप्टन होती. आज तर," त्या जरा घुटमळल्या, "आज तुम्ही अख्खा सामना बाकाकडेच बघत होतात. मैदानाकडे बघायला कुणी नव्हतंच."

परतीच्या बसमध्ये आपा पहिल्या सीटवर बसल्या, मी शेजारी. वाळूनं धुरकटलेला रस्ता, दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती. आपा हळूच म्हणाल्या, "खोटं बोलत असेल का गो ती?" मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "मला वाटतं, खोटं बोलत असती तर बरं झालं असतं."

पुढच्या सरावाला त्यांनी मुलींना मैदानाच्या मधोमध बसवलं आणि स्वतःही खाली बसल्या. गुडघा दुखायचा त्यांचा, खाली बसायला त्रास व्हायचा. रीमाला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू घरी आपले डाव सांगतेस. तसं काही नव्हतं. तुला न विचारता मी शिक्षा दिली. सगळ्यांसमोर दिली, म्हणून सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी." इंडियन स्कूलपासून आजवर आपांनी कुणाची माफी मागितल्याचं निसारभाईंनीसुद्धा ऐकलं नसेल.

रीमा बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाबांना मी सांगितलं होतं की खेळात लबाडी नसते. तेवढ्यावर त्यांनी मला पाठवलं. त्या दिवशी घरी जाऊन काय सांगू, मला सुचलं नाही. कॅप्टन मी नसले तरी चालेल, कोच. पण माझ्याकडे तसं बघू नका. हात जड होतात."

आपांनी मान डोलावली. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

शेवटचा सामना आमच्याच जिममध्ये होता. आपांनी कॅप्टनपद रीमाला परत दिलं आणि इशारे बंद करून टाकले. "डाव तू सांगायचा," त्या रीमाला म्हणाल्या. "मी नुसती बसणार." नुसतं बसणं त्यांना किती जड गेलं ते मी शेजारून पाहिलं. हात मांड्यांखाली दाबून धरले होते, नजर समोरच्या घड्याळावर खिळवली होती. कुणी चेंडू हरवला की ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. समोरची कोच सारखी आपांकडे बघत होती आणि तिला तिथं काहीच सापडत नव्हतं. शेवटच्या क्षणांत गुण बरोबरीत होते. रीमानं स्वतः धाव घेतली, सगळ्या तिच्यावर धावून आल्या आणि तिनं न बघता चेंडू मागे हैफाकडे टाकला. हैफानं तो लांबूनच सोडला. चेंडू रिंगवर नाचला आणि आत पडला. मुली किंचाळत एकमेकींवर कोसळल्या. आपा तशाच बसून. मला म्हणाल्या, "गेला ना गो आत? मी बघितलंच नाही."

गटात आम्ही शेवटून दुसऱ्या आलो. पण संघ राहिला. पुढचं वर्षभर आपांनीच तो घडवला. आम्ही पुष्कळ सामने हरलो, काही जिंकलो, आणि त्या कुणाला बाकावर बसवायच्या तेव्हा शेजारी बोलावून कारण सांगायच्या. रिंग मात्र तपासायच्याच. "माणसांवर संशय नको," म्हणायच्या, "लोखंडावर घ्यायला काय हरकत आहे?"

मग निसारभाईंची कंपनी बंद झाली आणि दोघांनी कायमचं घरी जायचं ठरवलं. विमानतळावर मी आणि रीमा गेलो होतो. रीमा निसारभाईंबरोबर बॅगांच्या रांगेत उभी राहिली. आपा माझ्याजवळ आल्या, अबायाची बाही उगाच सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्यावरसुद्धा संशय घेतला होता मी. तुला कधी नीट बोलले नाही त्याबद्दल. राग आहे?"

"नाही आपा. केव्हाच गेला."

त्या माझा चेहरा निरखत राहिल्या. डोळे, ओठ, पुन्हा डोळे. खोटेपणाची एखादी बारीक रेघ सापडते का, ते शोधत असाव्यात. सवय एका वर्षात थोडीच जाते. मी तशीच उभी राहिले. मग त्यांनी माझा हात घट्ट दाबला. "मानते," म्हणाल्या, आणि मागे वळून न बघता आत निघून गेल्या.