कुळगावचं जड पाणी

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या एका शहाणपणामुळे कुळगावातल्या चांगल्या विहिरीची पार अब्रू गेली होती!

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी राहायला अंबरनाथला, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला. तिथे भल्यामोठ्या लोहचुंबकाचं नवं यंत्र आलेलं. आमचे कर्णिकसाहेब सांगायचे, पाण्यात जड आणि हलके, दोन्ही कण असतात. 'स्टँडर्ड' नावाचं एक ठरावीक पाणी घ्यायचं आणि त्याच्या मानाने आपलं जड की हलकं, ते बघायचं.

मला हुकूम झाला, "काळे, तुमच्या बाजूच्या विहिरीचं पाणी आणा. बुचाला मेण लावून!"

कुळगावच्या हिराबाई पाटलिणीच्या विहिरीचं पाणी घरी आणलं. आई म्हणाली, "साहेबांना कच्चं पाणी नेतोस? टायफॉइड झाला म्हणजे?"

"अगं, प्यायचं नाही, मोजायचंय."

"मोजून झाल्यावर टाकून देतील होय?"

पटलं मला! पातेलंभर पाणी आटून निम्मं होईस्तोवर उकळलं, गाळलं, बाटलीत भरून मेण लावलं.

चार दिवसांनी साहेब नाचायचेच बाकी! "काळे, हे तर समुद्राहून जड! वर कळवायला हवं!"

मला कुठला दम निघतो? अंबरनाथला न उतरता थेट कुळगावच्या बदलापूर स्टेशनावर जाऊन सांगून टाकलं, "हिराबाईंचं पाणी फार जड निघालं हो!"

झालं! आपल्याकडे जड पाणी म्हणजे काय? पोट बिघडवणारं! दुसऱ्या दिवशी बायका हंडे घेऊन भलत्याच विहिरीवर. आणि हिराबाई? थेट माझ्या दारात!

"काय रं मेल्या, माज्या हिरीचं पानी जड? दगड खाल्ला तरी पचंल! बोलाव तुज्या सायबाला!"

साहेब आले. स्वतः बाटली भरून घेऊन गेले. यंत्र म्हणालं, साधं विहिरीचं पाणी.

"काळे, पहिलं पाणी कसं आणलंत?"

मी छाती काढून, "उकळून, गाळून! एकदम शुद्ध, साहेब!"

साहेब मटकन खाली बसले. "अहो, उकळलं की हलकं आधी उडून जातं! जड मागे राहतं!"

हिराबाईंनी सगळ्या गावादेखत मला तांब्यावर तांब्या पाणी पाजलं, तेव्हा कुठे बायका परत आल्या.

नोकरी टिकली. पण साहेबांनी ती उकळलेल्या पाण्याची बाटली फळीवर ठेवली. नवा माणूस आला की बाटली दाखवून सगळा किस्सा सांगायचे. नाव तेवढं घ्यायचे नाहीत, देवमाणूस!

एकदा एका नव्या पोराने मला हळूच विचारलं, "काळेसाहेब, कोण होता हो हा गाढव?"

मी म्हटलं, "गेला तो सोडून."