परीक्षेचा भोंगा

परवा एका कंपनीच्या फाटकाशी मुलांना दप्तरं वाटली जात होती. "दप्तर छातीशी धर बाळा, कंपनीचं नाव दिसू दे," असं फोटो काढणारा सांगत होता. मुलं मात्र कप्पे उघडून बघण्यात दंग होती. त्यांचा आनंद खराच होता. मला आमच्या गावातला कापसातून सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिनिंग, आठवला.

हंगाम संपला की जिनिंगचा भोंगा बंद व्हायचा. दहावीच्या परीक्षेपुरता मात्र मालक, आमचे शेटजी, तो पहाटे चारला वाजवायला लावत. गावात त्याला परीक्षेचा भोंगा म्हणत. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि घरातून दहावीला बसणारी मी पहिलीच. मला पहाटे उठवायचं म्हणून आई रात्र रात्र जागी राहायची आणि सकाळी तशीच मजुरीला जायची. भोंगा वाजायला लागला आणि ती निर्धास्त झोपू लागली.

भोंगा अख्ख्या गल्लीला उठवायचा. शेजारच्या शांताकाकू भिंतीपलीकडून म्हणायच्या, "परीक्षा तुझी, अन् झोपमोड आमची. उठलीस का नाही?" मग चूल पेटवून माझ्यासाठीही कपभर चहा आणायच्या.

शेटजींनी मला कधी पाहिलंही नसेल. त्यांच्या भोंग्याने काय केलं, ते मला निकालाच्या दिवशी कळलं. मी शाळेतून येताना दिसले, तशा काकू घाईघाईने ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "काय गं, आपण पास झालो का?"