दादाला न दिसलेली आई

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. पण सांगतो.

मानोरा गावात आमची दोन घरं, मधे एकच भिंत. एकात आम्ही, दुसऱ्यात — दादाच्या वाट्याच्या घरात — आई. दादा पुण्याला. दोन्ही घरांत मिळून इंटरनेट एकच, राउटर माझ्याकडे. आईला फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून दादानं तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. तो पुण्याहून दिसावा यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग मीच केलं — म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट त्या कॅमेऱ्यापर्यंत वाट करून दिली. अर्धा दिवस डोकं लावलं. जमलं तेव्हा खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू?

आई रोज सकाळी गोळी कॅमेऱ्यापुढे धरायची, मग घ्यायची. दादाशी — तिच्या बापूशी — काहीबाही बोलायची.

मग माघात अनसिंग गावी नात्यातलं एक लग्न. भरल्या पंगतीत दादा माझ्या बायकोला म्हणाला, "आईले शिळी भाकर देता तुमी. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं." शिळी? आईला दात नाहीत, ताजी भाकर दुधात भिजवून द्यावी लागते — हे कॅमेऱ्यातून कसं कळणार? बायको ताटावरून उठली. मी तोंड उघडायला हवं होतं ना? नाही उघडलं. घरी आलो आणि राउटरमधली ती वाट पुसून टाकली.

दादाचा फोन आला. म्हटलं, कंपनीनं बंद केलं, माझ्या हातात नाही. तो म्हणाला, "मंग आईले सांग, मले दिसून नाही राह्यलं म्हणून." सांगतो म्हटलं. नाही सांगितलं.

का? — त्याला एकट्याला शिक्षा देऊन माझं भागत नव्हतं. जेवण आमच्या हातचं आणि गप्पा त्याच्याशी. मग मार म्हटलं भिंतीशी गप्पा. घरच्या वायफायवर ती माझ्या फोनात दिसायची. मी रोज बघायचो. ती गोळी दाखवायची आणि मला बरं वाटायचं. हो, बरंच वाटायचं.

एका सकाळी ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. "बापू, लहान्याले अन् त्याच्या बायकोले बोलत नको जाऊ. लय जीव लावतेत मले. भाकर माह्या सांगण्यानंच भिजवतेत."

दादानं ऐकायला हवं होतं ते नेमकं हेच. वाट पुन्हा सुरू करायला दोन मिनिटं लागली असती. उद्या तिच्याकडून पुन्हा वदवून घेता आलं असतं. पण मग मला दादावरचा राग सोडावा लागला असता — आणि तो मला सोडायचा नव्हता. मी फोन खिशात टाकला आणि कामाला गेलो.

आई चैत्रात गेली. दादा आला, तिच्या खाटेवर बसून राहिला. मग विचारलं, "तुवा सांगतलं होतं ना तिले? नाहीतर तिले वाटलं असन, म्या पाहून राह्यलो."

"सांगतलं होतं," मी म्हणालो.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.