सरचिटणीसांचा स्वतःचा अर्ज

विद्यार्थ्यांच्या हितासाठी ज्यांनी सर्वस्व वाहिलं अशांची यादी कधी झालीच, तर तिच्यात आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेचा सरचिटणीस फार वर असेल. सर्वस्व म्हणजे एक स्टूल, एक आवक-जावक वही आणि एक गोल शिक्का. शिक्का तो रोज बदलापूरहून, खरवईच्या घरून, डब्याच्या पिशवीत घालून उल्हासनगरला आणायचा, त्यामुळे संघटनेच्या कागदांना बहुधा लोणच्याचा वास असे.

संघटनेचं कार्यालय जिन्याखाली होतं. तिथे पंख्याची तक्रार, पाण्याची तक्रार, हरवलेली छत्री, सगळ्याला आवक क्रमांक मिळे. क्रमांकाशिवाय त्याला ऐकूच येत नसे. एकदा समोशात मीठ कमी होतं म्हणून त्याने कॅन्टीनवाल्या सिंधी काकांना निवेदन दिलं. काका म्हणाले, "अरे साईं, मीठ पाहिजे तर माग ना! कागज काय देतो?" त्याने शांतपणे पोच मागितली. काकांनी कागदावर मीठ ठेवून दिलं. त्याने ते 'अंशतः निकाली' असं नोंदवलं.

शिष्टमंडळावर त्याची श्रद्धा होती. "एकटा गेला तर ती विनंती. पाच गेले तर शिष्टमंडळ," तो म्हणे. वर्गातली खिडकी उघडायलाही आम्ही पाच जण जात असू.

शेवटच्या वर्षी त्याने मोठी सेवा काढली. परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन भरला तरी सही केलेली प्रत ऑफिसच्या खिडकीवर द्यावी लागे, आणि तिथली रांग पार गेटपर्यंत जाई. वर्गाच्या सगळ्या प्रती त्याने गोळा केल्या, तपासल्या, प्रत्येकीवर संघटनेचा शिक्का मारून स्वीकारल्या. माझ्या प्रतीवर सहीच नव्हती. ती चूक त्याने पकडली नसती तर मी आजही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असतो. शेवटच्या दिवशी दुपारी त्याने अख्खा गठ्ठा खिडकीवर दिला आणि परत येऊन स्टुलावर बसला. समोर एकच फॉर्म उरला होता. त्याचा.

"हा का नाही दिलास?" मी विचारलं.

"स्वतःचा अर्ज स्वतः स्वीकारणं घटनेत बसत नाही. तो सहसचिवाने स्वीकारायचा."

सहसचिव वांगणीला चुलत बहिणीच्या हळदीत होता. फोन लागत नव्हता.

"अरे येड्या, चारला खिडकी बंद होते! दे इकडे, मी मारतो शिक्का."

"तू साधा सभासद आहेस," तो म्हणाला. आवाजात तिरस्कार नव्हता, खेद होता.

अंबरनाथच्या कारखान्यात त्याच्या मामाने त्याच्यासाठी नोकरी बोलून ठेवली होती, पण ते लोक ती निकाल लागेपर्यंतच राखून ठेवणार होते. आम्हाला हे माहीत होतं, म्हणून आम्ही त्याला समजेल तेच केलं. पाच जण गोळा झालो आणि शिष्टमंडळ घेऊन जिन्याखाली गेलो.

तो उठून उभा राहिला. "या, बसा," म्हणाला. स्टूल एकच, म्हणून सगळे उभेच राहिलो. आमची मागणी एका वाक्याची होती: सरचिटणीसांनी आपला फॉर्म ताबडतोब भरावा. त्याने ती मन लावून ऐकली, वहीत उतरवली, आम्हाला वाचून दाखवली, पाचही जणांच्या सह्या घेतल्या आणि खाली शिक्का मारला. "तुमच्या भावना पोहोचल्या," तो गहिवरून म्हणाला. "सकारात्मक विचार करू."

शिक्का वाळेपर्यंत सव्वाचार झाले होते.

नोकरी मामाच्या शेजाऱ्याच्या मुलाला मिळाली. आम्ही पास होऊन पांगलो, आणि तो एकटा त्याच वर्गात राहिला. नव्या मुलांचे फॉर्म तपासत असणार. कुणाची सही राहिली तर आता कुणीतरी पकडतंय, एवढं मला वाटून जाई. आपण त्या दिवशी फॉर्म हिसकावून पळायला हवं होतं, हेही वाटे.

पावसाळ्यानंतर अंबरनाथ पूर्वेला, माझ्या घरी, संघटनेचं एक पाकीट आलं. लोणच्याचा वास. आत लिहिलं होतं की आमच्या शिष्टमंडळाच्या निवेदनाचा सकारात्मक विचार झाला असून सरचिटणीसांना परीक्षेचा फॉर्म भरण्यास मंजुरी देण्यात येत आहे.

खाली सही सहसचिवाची होती.