पाच मिनिटांचा खटका

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यवतमाळला झालं. औषधं दोन होती. पहिल्याचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्याचा. बाबा थांबत नव्हते. पहिल्या तपासणीला डोळा लालच होता. दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो आहे, सूज अशीच राहिली तर नजर पूर्ण येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

घरी आम्ही दोघंच आणि दुपारी मी कामावर. मोबाइलचा गजर आधीच लावून पाहिला होता.

"बंद करायले जातो अन् कोणाले तरी फोनच लागून जाते," बाबा म्हणाले.

म्हणजे एकच खटका हवा होता, हाताला लागेल असा. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका केली होती, ती या कामाला पुरेशी होती. तपासणीहून परतताना यवतमाळच्या दुकानातून वेळ मोजणारा ५५५ क्रमांकाचा आयसी, बझर आणि बाकीचे सुटे भाग घेतले. बाभुळगावला घरी येऊन ते जोडले. खटका दाबला की एका रोधातून (रेझिस्टरमधून) कपॅसिटर विजेने हळूहळू भरतो. ठरावीक पातळीपर्यंत भरला की आयसी बझर वाजवतो. हिशेबाने पाच मिनिटं, घड्याळावर थोडी जास्त भरली. जास्त चालणार होतं. जोडणीच्या आकृतीत आयसीच्या पाचव्या पायाला आणखी एक छोटा कपॅसिटर होता. तो आणायचा राहिला होता, पण त्याच्याशिवाय काम होत होतं. विजेसाठी जुना मोबाइल चार्जर लावला.

आठवडा गेला. सकाळी माझ्यासमोर सगळं ठीक. डोळा मात्र तसाच.

रविवारी दुपारी मी समोर बसले. बाबांनी थेंब टाकला, खटका दाबला, डोळे मिटले. जरा वेळाने त्यांचा हात शेजारच्या कूलरकडे गेला आणि त्यांनी त्याचा पाण्याचा पंप बंद केला. त्याच क्षणी बझर वाजला.

"बाबा, दोन मिनिटंही झाली नाहीत!"

"तुही मशीन म्हणते झाले, तू काहून भांडून राह्यली वं?"

"पंप कशाला बंद केलात?"

"हवा ओली होते ना! थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. उन्हाळाभर हेच करतो मी."

खरं होतं. आमच्याकडे कूलर असाच चालवतात. चार्जर आणि कूलर एकाच बोर्डावर होते. पंप बंद-चालू केला की विजेला झटका बसायचा आणि आयसी वेळ संपली असं समजायचा. सकाळी कूलर बंद असायचा.

असे झटके आयसीपर्यंत पोहोचू नयेत म्हणूनच आकृतीत तो छोटा कपॅसिटर होता. दुसऱ्या दिवशी तो आणून बसवला आणि चार्जर देवघराजवळच्या बोर्डावर नेला. मग मुद्दाम पंप दहा वेळा बंद-चालू केला. बझर वेळेवरच वाजला.

"आता तरी पंपाले हात लावू देशीन का?"

"लावा."

पुढच्या तपासणीला डोळ्याची लाली गेली होती. डॉक्टरांनी थेंब कमी करून एकच औषध ठेवलं. घरी येताच बाबांनी खटका माझ्या हातात दिला.

"हा आता चहापाशी ठेव. तू चहा लवकर उतरवतं."