हरकत नसल्याचा अंगठा

त्या भिंतीची भेग मी आजही विसरलेलो नाही.

सत्तरच्या दशकात मी खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एके सकाळी हवालदारांनी प्रांत कचेरीतून आलेला कागद सहीसाठी पुढे ठेवला. एका निवृत्त गुरुजींना घर वाढवायचं होतं. नियमाने शेजारच्या हद्दीपासून दहा फूट जागा मोकळी सोडायची, पण त्यांनी तीन फुटांवर बांधायची सवलत मागितली होती. कारण खरं होतं. पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली, तिच्यासाठी तळमजल्यावर खोली हवी होती. शेजारच्या विधवा म्हातारीचं संमतिपत्र जोडलेलं होतं, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. सवलत दिल्यास वाद होण्याचा संभव आहे का, एवढंच आम्ही कळवायचं. हवालदारांनी 'संभव नाही' असं लिहून ठेवलं होतं. गुरुजींना सारा गाव मानायचा. मी पेन उघडलं.

ठाण्यात दूध घालणारा गवळी दारात घुटमळत होता. म्हणाला, "साहेब, म्हातारीनं लिहून दिलंय म्हनतात. पन ती तर रोज रडते. पाया खनलाय, तिची भिंत फाटलीय. माजं नाव नका घेऊ."

मी सही न करता निघालो.

परवानगी मिळण्याआधीच चर खणून झाला होता, म्हातारीच्या मातीच्या भिंतीपासून तीन फूटही न सोडता, हातभर अंतरावर. भेगेत माझी चार बोटं गेली. आतून त्याच भिंतीला लागून तिची खाट होती.

"अंगठा? मी कुटं दिलाय?" म्हातारी म्हणाली. "गुरुजींना मी नायच म्हनले, बाबा. भिंत पडंल माजी."

पंचांसमोर तिचा ठसा घेतला. भातकापणीत विळा लागून तिच्या डाव्या अंगठ्यावर आडवा वण राहिला होता. संमतिपत्रावरचा ठसा साफ होता. काम थांबवून चर बुजवायला सांगितलं आणि तिला घर सोडायला लावलं. ती तयारच होईना. शेवटी भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवून पदराखाली धरली, मगच उंबरठ्याबाहेर आली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना ठाण्यात बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. मोठ्या आवाजात विचारलं की अशी माणसं आणखी मिटतात, हा माझा अनुभव.

"अंगठा कुणासमोर घेतला?"

"माझ्यासमोर. त्यांनी राजीखुशीने दिला."

दोन्ही ठसे पुढे ठेवले. ते बघत राहिले, पण शब्द बदलेनात. तासभर हेच चाललं. तेवढ्यात हवालदार आत आले. चर बुजवायला मजूर पोचण्याआधीच म्हातारीची भिंत आतल्या बाजूला कोसळली होती आणि खाट मातीखाली गेली होती.

गुरुजी ताडकन उठले. "त्या आत होत्या?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याची टोचणी अजून आहे.

"साहेब, सांगा ना. आत होत्या का?"

"नाही. काल बाहेर काढलं त्यांना."

ते खाली बसले. दोन्ही ठसे माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ठसा माझ्या बायकोचा आहे. तिला वाटलं, दवाखान्याचा कागद आहे."

सवलत नामंजूर झाली. गुन्हा दाखल झाला. पुढे कोर्टात गुरुजींनी कबुली दिली, आणि वय बघून त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडण्यात आलं. म्हातारीची भिंत त्यांनीच बांधून दिली. पत्नीची खाट ओटीवर आली, आडोशाला एक पडदा.

पण मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. कोर्टाच्या आधी, तपासासाठी गुरुजींच्या पत्नीचा ठसा पुन्हा घ्यायचा होता. मी माडीवर त्यांच्या खाटेजवळ बसलो. शाई लावायला हात धरला तेव्हा त्यांनी अडखळत विचारलं, "कसला कागद?"

खाली ओटीवर गुरुजी बसले होते. मी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. त्या बाईंनी डोळे मिटले. मग स्वतःच अंगठा पुढे केला.

नोकरीत त्याआधी मी शेकडो अंगठे घेतले होते, एकालाही कागद वाचून न दाखवता. त्यानंतर तसा एकही घेतला नाही.